काटा अडकतो तेव्हा

शस्त्रक्रियेनंतरच्या तपासणीला आलेल्या बायका वजनकाट्यावर चढण्याआधी बांगड्या उतरवतात. चपला तर सगळेच काढतात, पण बांगड्या, केसांतला चाप, पदराची पिन, स्वेटर असं एकेक करत नवऱ्याच्या नाहीतर मुलीच्या हातात देतात. पुरुष पाकीट, किल्ल्या, मोबाइल टेबलावर काढून ठेवतात. मग डोळे मिटून, श्वास रोखून काट्यावर उभं राहायचं. मी पुण्यातल्या एका रुग्णालयाच्या बॅरिएट्रिक, म्हणजे वजन उतरवण्याच्या शस्त्रक्रियांच्या, विभागात चौदा वर्षं आहारतज्ज्ञ म्हणून काम करते आहे. पन्नास-शंभर ग्रॅमसाठी चाललेली ही धडपड बघताना आजही माझ्या पोटात कालवतं. ही माणसं वीस-वीस वर्षं शंभर-सव्वाशे किलोंचं ओझं वाहत आलेली असतात. एसटीत दोन सीटचं तिकीट काढण्यापासून लग्नाच्या फोटोत मागे उभं राहण्यापर्यंत सगळं त्यांनी सोसलेलं असतं. आता पोटावर शस्त्रक्रिया झाली आहे, तर काटा दर खेपेला खाली यायलाच हवा, अशी त्यांची समजूत असते. कितीतरी वर्षं माझीही तीच होती.

फलटणजवळच्या एका गावातून आलेल्या बाईंची गोष्ट मला पहिल्यांदा सांगायला हवी. त्या ब्लाउज शिवायच्या. वय बेचाळीस, उंची १५२ सेंटिमीटर. शस्त्रक्रियेच्या दिवशी वजन १०४ किलो. त्यांची स्लीव्ह झाली होती, म्हणजे जठराचा साधारण पाऊण हिस्सा काढून केळ्याच्या आकाराची एक अरुंद नळी तेवढी ठेवली होती. पहिल्या दोन आठवड्यांत साडेसात किलो उतरले. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी काट्यानं ९६.४ दाखवलं. चौथ्यातही ९६.४. पाचव्या आठवड्यात ९६.६.

"मॅडम, अडकलं," त्या काट्यावरून खाली न उतरताच म्हणाल्या. आणि मी काही विचारायच्या आत, "पण मी काही खाल्लं नाही हो, शप्पथ!"

मी काय केलं? तेव्हा जे नेहमी करायचे तेच. "नक्की काय काय खाल्लंत ते सांगा," म्हणाले. भात किती? चहात साखर? बिस्किटं बुडवून? त्यांच्या प्रत्येक 'नाही'नंतर मी आणखी एक प्रश्न टाकत गेले. शेवटी कागदावर लिहिलं, 'आहारावर नियंत्रण ठेवणे', आणि त्याखाली रेघ मारली. बाहेर ओपीडीत वीस जण थांबले होते.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात वजन का थांबतं हे मला पुस्तकातून ठाऊक नव्हतं असं नाही. आपलं शरीर थोडी साखर ग्लायकोजेनच्या रूपात यकृतात आणि स्नायूंत साठवून ठेवतं. हा साठा चारशे-पाचशे ग्रॅमचा, पण त्यातल्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतरच्या दिवसांत माणूस जेमतेम चार-पाचशे कॅलरींवर असतो. नारळपाणी, गाळलेलं ताक, वरणाचं वरचं पाणी, तेही औषधाच्या टोपणानं घोट घोट. तेव्हा हा साठा रिकामा होतो आणि त्याच्याबरोबरचं पाणीही निघून जातं. पहिल्या पंधरवड्यातल्या झपाट्यात चरबी असते, पण पाण्याचा वाटाही मोठा असतो. मग मिक्सरमधून काढलेलं वरण, गुरगुट्या भात सुरू होतो. साठा थोडा थोडा भरू लागतो आणि आपलं पाणी परत मागतो. आतली जखम भरून येत असते, तीही पाणी धरून ठेवते. त्या आठवड्यात माणूस रोज हजार-बाराशे कॅलरींच्या तुटीत असतो. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात, म्हणजे आठवड्याला किलोभर चरबी निघून गेलेली असतेच. पण तेवढंच पाणी आत आलेलं असतं. काट्याला चरबी आणि पाणी यांत फरक करता येत नाही.

हे सगळं मला ठाऊक होतं आणि तरी मी त्यांना ते सांगितलं नाही. सांगायला चार मिनिटं लागली असती.

पुढच्या तपासणीला त्या आल्या नाहीत. फोन केला तर नवऱ्यानं सांगितलं, "वजन मस्त उतरतंय मॅडम, अठ्ठ्याऐंशीवर आलंय." मी समाधानानं फोन ठेवला. तो फोन मला पुढे कितीतरी रात्री आठवत राहिला. त्यांनी घरी जाऊन माझ्या रेघेचा अर्थ आपल्या परीनं लावला होता. वरण बंद, अंडं बंद, प्रोटीन पावडर पोट भरते म्हणून बंद. व्हिटॅमिनच्या गोळ्यांनी मळमळतं म्हणून त्याही बंद. उरलं ताक, नारळपाणी आणि चहा. आठव्या आठवड्यापासून उलट्या सुरू झाल्या. गावाकडच्या दवाखान्यात दोनदा ग्लुकोजची बाटली लावून घेतली, तेवढ्यापुरतं बरं वाटलं. दहाव्या आठवड्यात नवरा त्यांना धरून धरून आमच्याकडे घेऊन आला. पाय टाकायचा तिथं पडत नव्हता. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही दोन दिसताय."

आमच्या सर्जननी त्यांच्या डोळ्यांची थरथर पाहिली आणि रक्ताच्या रिपोर्टची वाट न बघता शिरेतून थायमिन सुरू केलं. थायमिन म्हणजे बी-१ जीवनसत्त्व. शरीरात त्याचा साठा जेमतेम दोन-तीन आठवडे पुरेल इतकाच असतो. खाणं अपुरं आणि वर उलट्या असल्या की तो संपतो आणि मेंदूला इजा होऊ लागते. अशा वेळी थायमिन न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर ते वापरण्यात उरलंसुरलं थायमिनही खर्ची पडतं. त्या वेळेत आल्या. तिसऱ्या दिवशी दोन दोन दिसायचं थांबलं. चाल सुधारायला मात्र दीड महिना गेला. आणखी आठ दिवस उशीर झाला असता तर काय झालं असतं, हे मी इथं लिहू शकत नाही.

वॉर्डात त्यांच्या उशाशी बसून मी पहिल्यांदा त्यांचं बोलणं मध्ये न अडवता ऐकलं. बोलता बोलता त्या सहज म्हणाल्या, "त्या आठवड्यात मी माझे दोन ब्लाउज दाबून घेतले होते. छातीत दीड इंच आणि दंडात अर्धा."

"कोणत्या आठवड्यात?"

"तुम्ही नियंत्रण ठेवा म्हणालात ना, त्याच."

काटा ९६.६ दाखवत होता आणि ही बाई, जिच्या गळ्यात दिवसभर टेप असते, स्वतःच्या अंगावरचा दीड इंच शिलाईत पकडून बसली होती. माझ्या प्रश्नाचं उत्तर तिच्याजवळ होतं. मी विचारलं होतं ते खाण्याबद्दल, तेही उलटतपासणीच्या सुरात.

दुसऱ्या दिवशी मी तुळशीबागेतून शिंप्याची टेप आणली. ती आजही माझ्या खोलीत काट्याच्या शेजारच्या खिळ्याला लटकते. कंबर, पोट, दंड, मांडी ही चार मापं घेतल्याशिवाय आता मी वजनाबद्दल बोलतच नाही. नुसता आकडा किती कमी सांगतो याचा एक नमुना तर आमच्याच पुण्याचा आहे. इथल्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला होता. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. तो फोटो मी रुग्णांना दाखवते. दोन माणसांत जे होतं ते एकाच माणसात दोन महिन्यांच्या अंतरानंही होऊ शकतं, हे त्यावरून चटकन उमगतं.

दुसरी एक अडचण मला टेपनं नाही, डायरीनं दाखवली. सोलापूरकडचे एक गृहस्थ, एसटीत कंडक्टर, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. माळकरी. मधुमेहासाठी इन्शुलिन घेत होते. वजन १२८, त्यांची जठराची बायपास झाली. सातव्या महिन्यात ९४ किलोंवर आले आणि तिथंच नऊ आठवडे थांबले. इन्शुलिन बंद झालं होतं, रक्तदाबाची एक गोळी सुटली होती, रात्री घोरणं थांबलं होतं म्हणून बायको खूश होती. पण त्यांच्या डेपोतल्या दुसऱ्या एकाची शस्त्रक्रिया झालेली, आणि त्याचे पन्नास किलो गेले होते! आपण नापास झालो असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं.

आधी मी हिशोब मांडला. १२८तले ३४ म्हणजे साडेसव्वीस टक्के. स्लीव्हनंतर वर्ष-दीड वर्षात साधारणपणे मूळ वजनाच्या पंचवीस टक्क्यांच्या आसपास आणि बायपासनंतर तीस टक्क्यांच्या आसपास वजन उतरतं, कुणाचं जास्त, कुणाचं कमी. म्हणजे ते रस्त्यावरच होते. डेपोतल्या त्या सहकाऱ्याचं आधीचं वजन दीडशेच्या पुढे असेल तर त्याचे पन्नास आणि यांचे चौतीस यांत फारसा फरक राहत नाही. पण रुग्णांत किलोंचीच तुलना चालते. टक्के कुणी विचारत नाही.

मग डायरी बघितली. तिकिटांचा हिशोब आयुष्यभर ठेवलेला माणूस, त्यांनी घासन्‌घास लिहिलेला. त्यात गोड नव्हतं, तळकट नव्हतं, चोरून खाल्लेलं काही नव्हतं. तरी बेरीज केली तर दिवसाचं प्रोटीन ३० ग्रॅमच्या वर जाईना. त्यांना निदान ६० हवं होतं, खरं तर ७० ते ८०. ते कुठं हरवलं? त्यांच्या वरणात. आपण वरणाला पौष्टिक म्हणतो, पण घरोघरी जे पातळ वरण होतं त्याच्या वाटीत तीन-चार ग्रॅमच्या वर प्रोटीन नसतं. ताक तर त्याहून पातळ. पोटात मावतात चार-सहा घास, आणि त्यातले तीन पाण्याचे! शरीराला बाहेरून प्रोटीन मिळालं नाही की ते स्वतःचे स्नायू मोडून खातं. स्नायू गेले की बसल्या जागी जळणाऱ्या कॅलरी कमी होतात. काटा खाली येतो, पण चुकीचं काहीतरी गमावून, आणि मग अडकतो.

मांसाहारी माणसाला सांगणं सोपं असतं. एका अंड्यात सहा ग्रॅम. शंभर ग्रॅम मासा किंवा चिकनमध्ये वीसच्या आसपास. कोकणातल्या माझ्या एका रुग्णानं उकडलेल्या मांदेलीवर सहा महिने उत्तम काढले. माळकऱ्याला काय सांगायचं? त्यांच्या बायकोला समोर बसवलं आणि आम्ही दोघींनी मिळून त्यांच्या स्वयंपाकघराची फेरमांडणी केली. वरण पळीवाढं नको, चमच्यावर उभं राहील असं. भाताआधी वरण, भात उरल्या भुकेला, आणि भूक उरत नाहीच. पिठलं घट्ट, त्यात भाकरी कुस्करायची नाही, पिठलंच खायचं. पन्नास ग्रॅम बेसनात दहा-अकरा ग्रॅम प्रोटीन असतं. दही रात्रभर फडक्यात टांगून चक्का करायचा, साखर न घालता मीठ-जिरं लावून. पनीर कुस्करून भुर्जी. मोड आलेली मटकी शिजवून, आधी थोडी ठेचून. दुधात साय काढलेल्या दुधाची पावडर. चहा-पाणी जेवणाबरोबर नाही, अर्धा तास आधी थांबवायचं आणि जेवणानंतरही अर्धा तास नाही, कारण पाण्यानं घास खाली सरकतो आणि पोट लवकर रिकामं होतं. दिवसभरात मात्र दीड-दोन लिटर पाणी घोट घोट पोटात गेलंच पाहिजे.

एकादशीवर येऊन आम्ही अडलो. ते महिन्यातून दोन एकादश्या करत आणि चातुर्मासात आणखी नेमधर्म असत. साबुदाण्याच्या खिचडीत नुसता स्टार्च. बायपासच्या पोटात ती पटकन पुढे सरकली की काहींना घाम फुटतो, छाती धडधडते, दोन तासांनी साखर कोसळते. "उपास सोडा" हे वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. पण मी ज्या घरात वाढले तिथं आजीचा उपास कुणी सोडवू शकलं नव्हतं, आणि शरीराला बरं करायला निघालेल्या बाईनं माणसाचा नेम मोडावा हे मला पटेना. मग उपासाच्याच पदार्थांत शोधलं. शेंगदाण्याची आमटी, भगर दोन चमचे आणि आमटी वाटीभर. राजगिऱ्याची दुधातली खीर, साखरेविना. टांगलेला चक्का, पनीर, पावडर घातलेलं दूध तीन वेळा. त्या दिवशीची बेरीज ५०च्या पुढे गेली. "माउली," ते हात जोडून म्हणाले, "देवाचं राहिलं आणि डॉक्टरांचंही." मला कुणी माउली म्हणावं एवढी मी मोठी नाही, पण त्या दिवशी घरी जाताना माझे डोळे भरून आले होते.

जोडीला फिजिओथेरपिस्टनं त्यांना रबरी पट्ट्याचे आणि खुर्चीवरून उठण्या-बसण्याचे व्यायाम दिले, कारण नुसत्या चालण्यानं स्नायू टिकत नाहीत. दहाव्या आठवड्यात काटा हलला. अर्धा किलो. ते म्हणाले, "घाट उतरताना मधे सपाटी लागतेच मॅडम. तिथं गाडी बंद पडली असं काही आम्ही म्हणत नाही." पुढच्या आषाढी वारीत ज्ञानोबांच्या पालखीबरोबर ते दिवेघाट पायी चढले. आधीची सात-आठ वर्षं घाट आला की त्यांना गाडीत बसावं लागायचं. सर्जनची परवानगी, बरोबर पाण्याच्या बाटल्या, दर तासाला दोन घास चक्का, आणि फक्त हडपसर ते सासवड. संध्याकाळी सासवडहून त्यांचा फोन आला तेव्हा मागे टाळ वाजत होते आणि मला त्यांचं एक वाक्य धड ऐकू आलं नाही.

सहाव्या-सातव्या महिन्यातलं हे थांबणं तिसऱ्या आठवड्यातल्या थांबण्यापेक्षा वेगळं असतं. तिथं पाण्याचा खेळ असतो, इथं शरीर काटकसर करू लागलेलं असतं. नव्वद किलोंच्या शरीराला सव्वाशे किलोंइतकं इंधन लागत नाही, हे एक. शिवाय वजन घटलेलं शरीर अपेक्षेपेक्षाही थोडं कमी खर्च करतं. याचा सगळ्यात स्पष्ट पुरावा फार जुना आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. युद्धात शस्त्र धरायला नकार दिलेले हे तरुण स्वेच्छेनं आले होते. युद्धानं उपाशी पडलेल्या युरोपला पुन्हा कसं खाऊ घालायचं हे शोधायचं होतं. त्यांचं वजन सुमारे पाव हिस्सा घटलं आणि विश्रांतीतला ऊर्जेचा खर्च जवळजवळ ४० टक्क्यांनी. त्यांना कायम थंडी वाजे, ते चिडचिडे झाले, दिवसरात्र जेवणाचाच विचार करत, आणि त्यांच्या पायांवर सूज आली. ही धडधाकट, ध्येयवादी मुलं होती. त्यांच्या इच्छाशक्तीत खोट होती असं कोण म्हणेल? मग माझ्यासमोर बसलेल्या गृहिणीला ते का म्हणायचं?

शस्त्रक्रियेनं या लढाईत माणसाला एक मोठी मदत मिळते. भुकेचा इशारा देणारं घ्रेलिन हे संप्रेरक जठराच्या वरच्या भागात सगळ्यात जास्त तयार होतं. जपानच्या कोजिमा आणि कांगावा यांनी ते १९९९ मध्ये शोधलं. स्लीव्हमध्ये तो भागच निघून जातो, म्हणून मिनेसोटाच्या मुलांना होती तशी वखवख आमच्या रुग्णांना सुरुवातीला नसते. कितीजण सांगतात, "मॅडम, आयुष्यात पहिल्यांदा मला जेवणाची आठवण झाली नाही." हा काळ साधारण पहिलं वर्ष. त्यात जी सवय लागेल ती पुढे साथ देते, आणि म्हणून त्या वर्षातल्या थांब्यावर माणूस खचला किंवा उपाशी राहिला की मला फार वाईट वाटतं. तीन-चार महिन्यांनी केसही झडतात. कंगव्यात पुंजके बघून बाया रडत येतात. झपाट्यानं वजन उतरल्यावर हे होतं आणि पोषण नीट असेल तर केस परत येतात, हे मी आता शस्त्रक्रियेआधीच सांगून ठेवते. वजन अडकणारच आहे, हेही. 'अडकलं तर' असं मी आता कुणाला म्हणत नाही, 'अडकेल तेव्हा' म्हणते.

कधी कधी कारण खरंच खाण्यात असतं, हेही लिहायला हवं. दीड-दोन वर्षांनी पोट थोडं सैलावतं, भूक परतते, आणि माणसाला एक चोरवाट सापडते. भाकरीचा घास अडतो, पण चिवडा, शेव, चहात बुडवलेला टोस्ट, आइस्क्रीम सरसर खाली उतरतं. जेवण अर्धी भाकरी, पण दुपारभर डब्यात हात. बँकेत नोकरी करणाऱ्या एका मुलीनं मला हे सांगितलं ते आमच्या चौथ्या भेटीत. आधीच्या तीन भेटींत मी विचारत होते, "दिवसभरात काय होतं, कसा जातो दिवस?" चौथ्या वेळी ती म्हणाली की सासू आजारी आहे, रात्री दोनदा उठावं लागतं, आणि पहाटे तीनला डबा उघडला की बरं वाटतं. तिला डाएटच्या कागदाची गरज नव्हती. रात्री सासूपाशी बसणारी बाई मिळाली, नवऱ्याशी आमच्या समुपदेशकांनी दोनदा बोलणं केलं, आणि डब्यात भाजलेले चणे आले. थायरॉइड, स्टेरॉइडची औषधं, मानसिक आजारावरच्या काही गोळ्या, बाटलीतली दारू, हे सगळंही तपासावं लागतं. पण ते विचारताना आवाज कसा आहे यावर खरं उत्तर मिळणार की नाही हे ठरतं. माझा आधीचा आवाज रुग्णाला खोटं बोलायला लावणारा होता.

२०२५ मध्ये वजनाची नवी इंजेक्शनं भारतात आली आणि आता ती घेणारेही माझ्याकडे येतात. काही महिन्यांनी तेही तेच वाक्य बोलतात, "मॅडम, अडकलं." वाट वेगळी, शरीर तेच. घट्ट वरण, टेप आणि रबरी पट्टा त्यांनाही लागू पडतो.

फलटणच्या बाई दर वर्षी येतात. वजन ७४पर्यंत खाली गेलं होतं आणि आता गेली दोन वर्षं ७७च्या आसपास आहे. गेल्या श्रावणात आल्या तेव्हा दोन्ही हातांत हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या, मनगटापासून चांगल्या वरपर्यंत. मी वाट बघत होते, पण त्या बांगड्यांसकट सरळ काट्यावर चढल्या, ७७.८ वाचलं आणि खाली उतरून खुर्चीत बसल्या.

"तीन किलो वर आहे, मला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "लग्नसराईत शिलाईचं काम अंगावर येतं, जागरणं होतात. आता कमी होईल. नाही झालं तर बघू."

मी रिपोर्ट उघडला. बी-१२ ठीक होतं, हिमोग्लोबिन १०.४. लोहाची गोळी घेता ना, विचारलं. रोज घेते म्हणाल्या. कधी? सकाळी चहाबरोबर, कॅल्शियमच्या गोळीसोबत, म्हणजे एकदम विसर पडत नाही.

चहा आणि कॅल्शियम दोन्ही लोहाला शोषू देत नाहीत. मी कागद घेतला. लोह दुपारी, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर, कॅल्शियम रात्री, दोन्हींत निदान दोन तासांचं अंतर. त्यांनी कागद घडी करून ब्लाउजच्या आत ठेवला आणि विचारलं, "दुपारी मशीनवर असते मी. मशीनच्या खणात ठेवली डबी तर चालेल ना?"

"चालेल," मी म्हणाले. "बॉबिनच्या शेजारी ठेवा."